खालचा धूर, वरची झोप

3 एप्रिल 2024 च्या पहाटे, चारच्या सुमारास, छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत दाणाबाजारातल्या एका शिलाईच्या दुकानाला आग लागली. दुकान तळमजल्यावर होतं आणि वर माणसं राहत होती. पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आलं ते असं, की ज्वाळा दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या. पोचला तो धूर. एकाच कुटुंबातली सात माणसं गुदमरून गेली, त्यांत दोन लहान मुलं होती. त्याआधी 30 ऑगस्ट 2023 ला पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत, पूर्णानगरमध्ये, इलेक्ट्रिक-हार्डवेअरच्या दुकानाला पहाटे आग लागून आतच पोटमाळ्यावर झोपलेलं चौघांचं कुटुंब संपलं. आणि 6 ऑक्टोबर 2024 ला मुंबईत चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत, खाली दुकान आणि वर घर अशाच एका एकमजली इमारतीत, पुन्हा पहाटे, पुन्हा एका कुटुंबातली सात माणसं.

तिन्ही बातम्या शेजारी ठेवून वाचल्या की घराचा नकाशा एकच दिसतो. आग लागते ती खाली दुकानात, तिथे रात्री जागं कुणी नसतं. माणसं वर झोपलेली असतात, आणि आगीच्या आधी धूर वर येतो. झोपेत नाक जवळजवळ बंद असतं. धुराचा वास आला म्हणून जाग येईल हा भरवसा खोटा आहे. त्यातून कार्बन मोनॉक्साइड आधीच गुंगी आणतो. कान मात्र झोपेतही उघडे असतात. म्हणून धूर आहे हे नाकाच्या आधी कानाला कळवणारं यंत्र घरात हवं, आणि ते मेनच्या लाईटवर नीट जोडलेलं हवं, एवढ्याच विषयाची ही पुस्तिका आहे.

विषय अरुंद वाटेल. स्मोक अलार्म म्हटलं की आपल्याला हॉटेलच्या छताला लावलेली पांढरी डबी आठवते, वैजापूरच्या बाजारपेठेतलं घर आठवत नाही. पण जरा या पेठेतून चालून बघा. खाली किराणा, कापड, बी-बियाणं, मोबाइलची दुरुस्ती, वर घर. जिना एक तर दुकानातूनच चढतो, नाहीतर दुकानाला लागून असलेल्या अरुंद बोळातून. वरच्या गॅलरीला चोराच्या भीतीने लोखंडी जाळी. जिन्याखाली इन्व्हर्टरची बॅटरी, मीटर, पुठ्ठ्याची रिकामी खोकी आणि हल्ली तिथेच रात्रभर चार्जिंगला लावलेली दुचाकी. छावणीच्या आगीच्या कारणांमध्येही ई-दुचाकीच्या चार्जिंगची चर्चा झाली होती. पेठेच्या बाहेर, खेड्यांत आणि शेतवस्त्यांवर चित्र वेगळं दिसतं पण धोका तोच. भाव येईपर्यंत कापूस घरातच भरून ठेवायची आपली रीत आहे. एक खोली छतापर्यंत कापसाने भरलेली, तिच्यातूनच बोर्डाची वायर गेलेली, आणि शेजारच्या खोलीत सगळे झोपलेले. कापूस भडकण्याआधी कित्येक तास आतल्या आत धुमसू शकतो. त्या वेळात धूर निघत असतो आणि उजेड काहीच नसतो.

पुस्तिकेचे लेखक पेशाने वीजतंत्री. लिहिण्याची सवय नसलेल्या माणसाने लिहिलं की वाक्यं तुटक होतात, पण नेमकी होतात; इथे तसंच झालं आहे. मी प्रस्तावना लिहायला बसलो तेव्हा मनात होतं की दोन शब्द कौतुकाचे लिहून मोकळं व्हावं. मजकूर वाचत गेलो तसं लक्षात आलं की वाचकाच्या मनात आधीपासून ठाण मांडून बसलेले दोन-तीन गैरसमज बाजूला केल्याशिवाय पुढची प्रकरणं त्याच्या गळी उतरणार नाहीत. ते काम प्रस्तावनेचं.

पहिला आणि सर्वांत चिवट गैरसमज: "आमच्याकडे एमसीबी आहे की. शॉर्ट झालं तर खटका पडेल."

खटका पडतो तो दोन कारणांनी. फेज आणि न्यूट्रल एकमेकांना चिकटले आणि एकदम प्रचंड करंट वाहिला तर. किंवा ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त लोड बराच वेळ राहिला तर. पण घरातल्या वायरिंगच्या कितीतरी आगी तिसऱ्याच मार्गाने येतात, सैल जोडाच्या मार्गाने. सॉकेटच्या मागचा स्क्रू ढिला झालेला असतो, किंवा दोन वायरी नुसत्या पिळून वर टेप गुंडाळलेली असते. समजा अशा जोडाला अर्धा ओहम रोध आला आणि त्याच्यातून दोन किलोवॅटचा गीझर चालला. गीझर साधारण नऊ अँपिअर ओढतो. नऊचा वर्ग एक्क्याऐंशी, त्याचा अर्धा चाळीस. म्हणजे त्या एका जोडात चाळीस वॅट उष्णता. सोल्डरिंग करायचं हत्यार तेवढंच तापतं, फरक इतकाच की हे हत्यार लाकडी बोर्डाच्या आत, कुणाला न दिसता, रोज चालू असतं. आणि करंट? तो नऊचा नऊच, किंबहुना किंचित कमी. एमसीबीच्या दृष्टीने सगळं आलबेल. गळती पकडणारा आरसीसीबी बसवलेला असेल, तीस मिलिअँपिअरचा, तर तोही गप्प राहील. कारण करंट फेजने जातो आणि न्यूट्रलने पुरता परत येतो, जमिनीत काही गळत नाही. माणसाला शॉक बसताना तो जीव वाचवेल, सैल जोड तापताना त्याला काही कळणार नाही. पीव्हीसी आधी मऊ होतं, मग काळं पडतं, मग धुमसतं. या सगळ्या प्रवासात पहिली खूण जर कुणी पकडू शकत असेल तर ती धूर ओळखणारी डबी.

त्यामुळे लेखकांनी पहिलं प्रकरण अलार्मवर न लिहिता जुन्या वायरिंगच्या तपासणीवर लिहिलं आहे, ते मला फार पटलं. ज्या बोर्डातून अलार्मला लाईन द्यायची तोच बोर्ड जळका असेल तर अलार्म लावणं म्हणजे नुसतं समाधान. आधी स्क्रू आवळा, पिळलेले जोड काढून टर्मिनलमध्ये घ्या, अ‍ॅल्युमिनियमची जुनी वायर जिथे तांब्याला जोडली आहे ती जागा शोधा. हे प्रकरण वाचकाला कंटाळवाणं वाटेल. तरी ते टाळू नये.

अलार्म धूर कसा ओळखतो याचं प्रकरण छोटं आहे आणि छोटंच असायला हवं होतं. थोडक्यात एवढं: घरासाठी प्रकाशावर चालणारा अलार्म घ्यावा. आत एक अंधारी कोठी असते, एका बाजूने बारीक दिवा, आणि त्याच्या थेट रेषेत नसलेला एक डोळा. हवा स्वच्छ असेल तोवर त्या डोळ्याला काही दिसत नाही. धुराचे कण शिरले की त्यांच्यावरून उजेड विखुरतो आणि डोळ्याला पोचतो. दुसरा प्रकार अमेरिशियम-241 या किरणोत्सारी पदार्थाचा अत्यल्प अंश वापरणारा. तो भडक ज्वाळांची आग थोडी लवकर पकडतो. पण कापूस, गादी, वायर असं धुमसणारं काही असेल तर प्रकाशवालाच आधी वाजतो. आपल्या घरांत धुमसणाऱ्या मालाची कमतरता नाही, तेव्हा निवड सोपी आहे.

जागेची निवड मात्र सोपी नाही, आणि इथे परदेशी माहितीपत्रकं आपल्याला फसवतात. ती सांगतात, छताच्या मधोमध लावा. आपल्या छताच्या मधोमध पंखा असतो. फिरत्या पंख्याच्या खाली-वर धूर डबीपर्यंत पोचण्याआधीच उधळला जातो. पात्याच्या टोकापासून निदान मीटरभर तरी लांब जायला हवं. भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यातही नको, तिथली हवा साचलेली असते. पत्र्याच्या घराचा प्रश्न आणखी वेगळा. एप्रिल-मेमध्ये दुपारी पत्र्याखाली तापलेल्या हवेचा असा थर बसतो की थोडा धूर त्याच्या खालीच पसरतो, वर चढतच नाही. अशा घरात डबी पत्र्याला न चिकटवता थोडी खाली, तुळईवर किंवा पट्टीवर उतरवून लावायची सूचना लेखकांनी केली आहे. माळवदाच्या घरात दोन तुळयांच्या मधल्या खणात धूर अडकतो, तेव्हा कुठल्या खणात लावायचं याचाही विचार करावा लागतो. या तपशिलांसाठी लेखकांनी आकृत्या दिल्या आहेत. त्या सुबक नाहीत, पण घरं ओळखीची आहेत.

स्वयंपाकघरात स्मोक अलार्म लावायचा नाही. लसणाची फोडणी, भाजलेली मिरची, तव्यावर राहून गेलेली भाकरी, यातल्या कशानेही तो वाजेल. आणि आठवड्यात तीनदा विनाकारण वाजलेल्या अलार्मचं काय होतं हे सगळ्या जगाला माहीत आहे: कुणीतरी स्टुलावर चढतं आणि त्याची बॅटरी काढून ठेवतं. स्वयंपाकघरासाठी उष्णतेवर चालणारा अलार्म मिळतो, तो साधारण 58 अंशांच्या आसपास वाजतो आणि फोडणीला दाद देत नाही. देवघराच्या बाबतीत मी लेखकांपेक्षा कडक आहे. धूप-उदबत्तीपासून दोन मीटर लांब, असं ते म्हणतात. मी म्हणेन, देवघराच्या खोलीत नकोच, बाहेर लावा. धूप कुणी बंद करणार नाही, अलार्म मात्र नक्की बंद करतील. आणि गॅसगळतीचा अलार्म ही वेगळी वस्तू आहे. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. म्हणून ती डबी खाली, फुटभर उंचीवर लावतात. धुराची डबी वर, गॅसची खाली. याची अदलाबदल झाली की दोन्ही डब्या निरुपयोगी.

आता मुख्य मुद्दा. बॅटरीवर चालणारा स्वस्त अलार्म मिळत असताना मेनची लाईन, वायर, वायरमन हा व्याप कशाला?

अमेरिकेत राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटना वर्षानुवर्षं घरांतल्या आगींच्या नोंदी ठेवते. तिच्या अहवालांमध्ये एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते: अलार्म घरात होता, आग पुरेशी मोठी होती, तरी तो वाजला नाही, अशा प्रसंगांत सर्वांत जास्त वेळा कारण निघतं ते बॅटरी नसणं किंवा ती काढून ठेवलेली असणं. मेनवर जोडलेले अलार्म बॅटरीवाल्यांपेक्षा जास्त वेळा वाजले, हेही त्याच नोंदी सांगतात. ब्रिटनने 1992 पासून नव्या घरांना मेनवरचा अलार्म सक्तीचा केला तो याच अनुभवातून. ग्रेनफेल टॉवरची 2017 ची आग पाहिल्यावर स्कॉटलंड आणखी पुढे गेलं: फेब्रुवारी 2022 पासून तिथे जुन्या-नव्या सगळ्याच घरांत अलार्म हवेत आणि ते एकमेकांना जोडलेले हवेत, म्हणजे एक वाजला की सगळे वाजतील. या 'सगळे वाजतील'कडे मी थोड्या वेळाने येतो, कारण वैजापूरच्या पेठेला खरी गरज त्याचीच आहे.

मेनवरच्या अलार्मच्या पोटातही बॅटरी असतेच, लाईट गेल्यावर तग धरायला. आपल्याकडे लाईट जाणं हा अपवाद नाही, त्यामुळे या बॅटरीला काम भरपूर. मग अलार्मला लाईन कुठून द्यायची? सरळ उत्तर वाटतं ते असं की बोर्डातून वेगळा खटका, वेगळं सर्किट, वर 'अलार्म' अशी चिठ्ठी. हे चूक नाही. पण लेखकांनी दुसरा पर्याय आधी ठेवला आहे आणि माझं मत त्यांच्या बाजूने आहे: रोज वापरातल्या दिव्यांच्या सर्किटवरून द्या, जिन्याचा किंवा बैठकीचा दिवा ज्याच्यावर आहे त्याच्यावरून. वेगळा खटका कधी पडला, कुणी पाडून ठेवला, तर महिनाभर कुणाच्या लक्षात येणार नाही. डबी बॅटरीवर जगेल आणि एक दिवस तीही संपेल. जिन्याचा दिवा लागला नाही तर त्याच संध्याकाळी वायरमनला फोन जातो. अट एकच, की लाईन बटनाच्या आधीची घ्यायची. बटनानंतरची घेतली तर दिवा बंद केला की अलार्मही बंद, आणि दिवे बंद असतात तेव्हाच आपल्याला त्याची गरज असते. ऐकायला क्षुल्लक वाटणारी ही चूक घाईतला वायरमन सहज करू शकतो, कारण छतातल्या दिव्याच्या पॉइंटपाशी बहुतेक वेळा बटनानंतरचीच वायर हाताशी असते. आधीची घ्यायची तर बोर्डापासून नवी वायर ओढावी लागते.

अलार्म एकमेकांना जोडायला फेज आणि न्यूट्रल यांच्याखेरीज आणखी एक तार लागते, निरोपाची. खालचा अलार्म धूर पाहतो, या तारेतून निरोप जातो, वरचा ओरडतो. एका अलार्मचा आवाज तीन मीटरवर 85 डेसिबल इतका असतो. खोलीत तो कान फाडणारा आहे. पण खाली शटर बंद, मध्ये स्लॅब, वर दार लावून कूलर चालू, असं असेल तर खालचा आवाज वर झोपलेल्या माणसाला उठवेलच असं नाही. दुकानात एक आणि वर एक असे सुटे दोन अलार्म लावले तर वरचा वाजेल तो जिना धुराने भरल्यानंतर. जोडलेले असतील तर वरचा वाजेल तेव्हा जिना अजून मोकळा असेल. पूर्णानगर, छावणी, सिद्धार्थ कॉलनी, तिन्हीकडे हीच मिनिटं हवी होती.

पण पेठेत निरोपाची तार ओढण्याआधी एक प्रश्न विचारायला लागतो आणि तो कुठल्याच परदेशी माहितीपत्रकात नसतो. मीटर किती आहेत? खाली दुकानाचं व्यापारी मीटर, वर घराचं घरगुती मीटर. दोन्ही एकाच खांबावरून आलेली असली तरी एकाच फेजवर असतीलच असं नाही. एक लाल फेजवर आणि एक पिवळ्यावर असेल तर प्रत्येकाचा न्यूट्रलशी 230 व्होल्ट, पण आपापसात 400. अशा दोन अलार्मांमध्ये निरोपाची तार ओढली तर डब्या जळण्यापुरतंच नुकसान मर्यादित राहील याची खात्री नाही. शिवाय वायरमन एका मीटरचा मेन पाडून निर्धास्तपणे काम करायला लागेल आणि दुसऱ्या मीटरवरून आलेला करंट त्याच तारेतून त्याच्या हाताशी असेल. तारेने जोडलेले सगळे अलार्म एकाच मीटरवर, एकाच सर्किटवर हवेत, हा नियम म्हणून लेखकांनी ठळक अक्षरांत छापला आहे, तो योग्यच आहे.

यात आणखी एक अडचण आहे ती दुकानदारांच्या चांगल्या सवयीची. रात्री शटर ओढताना दुकानाचा मेन पाडून जायचा, ही शहाणपणाची पद्धत पेठेत पुष्कळ जण पाळतात. दुकानाच्या लाईनवर अलार्म असेल तर तो रोज रात्रभर बॅटरीवर राहणार. घराच्या मीटरवरून खाली लाईन आणावी, तर मेन पाडलेल्या दुकानात एक जिवंत वायर राहणार, आणि ती कुणाला माहीत नसणार. दोन मीटर असतील तिथे लेखकांनी बिनतारी जोडणीचा अलार्म सुचवला आहे: प्रत्येक डबी आपापल्या मीटरवर, आत दीर्घ मुदतीची बॅटरी, आणि निरोप रेडिओलहरींनी. महाग पडतो. जुन्या पेठेतल्या दोन-दोन फुटी दगडी भिंतींतून लहरी पोचतात की नाही हे आधी डबी हातात धरून तपासावं लागतं. तरी हाच मार्ग बरोबर. मी एवढंच वाढवीन की बाजारात हा माल सहजी मिळणार नाही, मागवावा लागेल. आणि 'यापेक्षा हा घ्या, सेमच आहे' म्हणून कुणी 24 व्होल्टवर चालणारा, कंट्रोल पॅनेलला जोडायचा डिटेक्टर हातात ठेवला तर तो घेऊ नये. दिसायला दोन्ही सारखे. 24 व्होल्टच्या डबीला 230 दिले तर पुढे काय होईल ते सांगायला नको.

परदेशातून आलेल्या डब्यांचं तर वेगळंच. पुणे-मुंबईमार्गे का होईना, आता प्रत्येक गल्लीतलं एखादं पोर अमेरिकेत आहे आणि ते येताना आईवडिलांच्या काळजीपोटी असली वस्तू घेऊन येतं. अमेरिकन अलार्म 120 व्होल्टचा असतो, आपल्याकडे चालत नाही, विषय संपला. पण कुणी ट्रान्सफॉर्मर लावून चालवायचा घाट घातलाच तर आणखी एक सापळा आहे. आपल्याकडे जुन्या फिटिंगमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. अमेरिकेत काळी वायर म्हणजे फेज आणि पांढरी न्यूट्रल. आपला वायरमन सवयीने काळीला काळी जोडणार. ब्रिटन-युरोपच्या डब्या 230 व्होल्टच्या, त्या चालतात. तिथे तपकिरी फेज आणि निळी न्यूट्रल. आपल्याकडे तीन फेजच्या बोर्डात निळी ही एक फेज असते. रंगावर विश्वास न ठेवता टर्मिनलजवळची अक्षरं वाचावीत.

आणि निरोपाच्या तारेसाठी हिरवी वायर कधीही वापरायची नाही. पाइपात आधीच एक हिरवी पडलेली असते, अलार्मच्या प्लास्टिकच्या डबीला अर्थिंग बहुधा लागत नाही, मग हीच वापरू, असा मोह होतो. उद्या दुसरा वायरमन येईल, हिरवी वायर अर्थ समजून फ्रिजच्या सॉकेटला जोडेल, आणि घरभरातले अलार्म एका बाजूला राहून निराळाच खेळ सुरू होईल. निरोपाची तार वेगळ्या रंगाची, तीही 230 व्होल्टच्याच इन्सुलेशनची. टेलिफोनची उरलेली वायर चालणार नाही.

सुरक्षित काम कसं करावं या प्रकरणात लेखकांनी दोन पानं इन्व्हर्टरवर खर्च केली आहेत. मला वाटतं ती या पुस्तिकेतली सर्वांत महत्त्वाची पानं आहेत. मेन पाडला की घर मेलं, ही समजूत इन्व्हर्टर आल्यापासून खोटी झाली आहे. मेन पाडताच इन्व्हर्टर जागा होतो आणि दिव्यांच्या सर्किटला 230 व्होल्ट पुरवायला लागतो. आणि आपण अलार्म जोडणार तो नेमका त्याच सर्किटवर. छतावर सोलर असेल तर तीही बाजू पाहावी लागते. तेव्हा मेन पाडायचा, इन्व्हर्टर बंद करून त्याची आउटपुट वायर काढायची, मेनपाशी माणूस बसवायचा किंवा कुलूप लावायचं, आणि मग टेस्टरवर न विसंबता होल्डरला बल्ब लावून फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही तपासायचं. तो बल्ब आधी चालू लाईनवर लावून पाहायचा, नंतरही पाहायचा. मध्येच उडालेला बल्ब 'करंट नाही' असंच सांगतो. टेस्टरचा दिवा मिणमिणतो की नाही हे दुपारच्या उन्हात दिसत नाही. तुटलेला न्यूट्रल तर तो दाखवतच नाही.

न्यूट्रलवरून आठवलं. डीपीवरचा न्यूट्रल तुटला की गावात काय होतं हे वैजापूर तालुक्यात कुणाला सांगावं लागणार नाही. पंखे भन्नाट फिरतात, बल्ब पटापट उडतात, टीव्ही-फ्रिज जळतात, आणि दुसऱ्या दिवशी लोक एकमेकांना विचारत बसतात की तुझं काय गेलं. त्या यादीत अलार्म कुणी मोजत नाही, कारण जळलेला अलार्म गप्प असतो आणि चांगलाही गप्पच असतो. असा प्रसंग झाला की घरातल्या प्रत्येक अलार्मचं टेस्टचं बटन दाबून पाहा.

शेतवस्तीवर राहणाऱ्यांसाठी लेखकांनी वेगळं टिपण जोडलं आहे. गावठाणाचा फीडर वेगळा आणि शेतीचा वेगळा. वस्तीवरचं घर शेतीच्या लाईनवर असेल तर दिवसाचे काही तासच पुरती लाईन मिळते, तीही कधी रात्रीच्या पाळीत. तिथे मेनचा हट्ट धरू नये. दहा वर्षांची सीलबंद लिथियम बॅटरी असलेला अलार्म कापसाच्या खोलीच्या दाराशी आणि झोपायच्या खोलीत लावावा. कापसाची धूळ आणि कोळिष्टकं आत जातात, त्यासाठी सहा महिन्यांतून एकदा मऊ ब्रशने झाडून घ्यावं. मेनवरचा असो वा बॅटरीवरचा, दहा वर्षं झाली की डबी बदलायची. मागे तारीख छापलेली असते.

कायद्याबद्दल लेखक फारसं बोलत नाहीत, मीही बोलत नाही. महाराष्ट्रात 2006 चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे, राष्ट्रीय इमारत संहिता आहे, अलार्म यंत्रणेसाठी आयएस 2189 हे मानक आहे. या सगळ्यांची नजर मुख्यतः उंच इमारती, रुग्णालयं, मॉल, कारखाने यांच्यावर. पेठेतलं दुमजली घर त्यांच्या खालून निसटतं. ते निसटू नये असं मला वाटतं, पण कायदा बदलेपर्यंत कुणी थांबायचं कारण नाही.

एका ठिकाणी माझा लेखकांशी स्पष्ट मतभेद आहे. शेवटच्या परिशिष्टात त्यांनी 'घरच्या घरी करायचं असल्यास' असा भाग घातला आहे. त्यांचा विचार असा की लोक करणारच आहेत, तर नीट तरी करू देत. विचार उदार आहे. पण आपल्या सुरक्षा नियमांप्रमाणे हे काम परवानाधारक ठेकेदाराचं आहे, आणि नियम बाजूला ठेवला तरी वर सांगितलेले दोन फेज, इन्व्हर्टर, बटनानंतरची लाईन हे सगळं सांभाळायला सराव लागतो. घरच्या माणसाने डबी छताला कुठे लावायची ते ठरवावं, महिन्याला बटन दाबावं, धूळ झाडावी. वायर वायरमनने जोडावी. आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री या शाखांतून दरवर्षी मुलं बाहेर पडतात. त्यांच्या हातात ही पुस्तिका पडली आणि त्यांनी नवीन घराचं फिटिंग करतानाच जिन्याच्या छतात अलार्मसाठी एक जादा पाइप टाकून ठेवला, तर मालकाला पुढे भिंत फोडावी लागणार नाही. खर्च पाइपाचा आणि दोन बेंडचा.

राहिलं शेवटचं प्रकरण, ज्याचा वायरिंगशी काही संबंध नाही. अलार्म वाजल्यावर काय करायचं? वर झोपलेल्यांना जाग आली, जिना अजून मोकळा आहे, आणि खाली बोळाच्या दाराला आतून कुलूप आहे ज्याची किल्ली काकांच्या सदऱ्याच्या खिशात. गॅलरीची जाळी चारी बाजूंनी वेल्डिंग केलेली. लेखकांनी इथे घरातल्या प्रत्येकाला विचारायचे प्रश्न दिले आहेत: किल्ली कुठे टांगलेली आहे, आजीला कोण उतरवणार, जाळीला आतून उघडणारी झडप आहे का, बाहेर पडल्यावर सगळ्यांनी कुठे जमायचं, 101 ला फोन कोण करणार. जाळीची झडप वेल्डरकडून एका दिवसात होते. वाचकाने हे प्रकरण आधी वाचावं, मग वायरमनला बोलवावं.